एक सापडला, अडवला

दिशा झोपली की मला माझी दुपार मिळायची. माझा नवरा प्रशांत एमआयडीसीत कामावर, सासूबाई ओट्यावर गोधडीला टाके घालत बसलेल्या, आणि मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं. नगरच्या कोर्टातल्या वकिलांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायचं काम मी घरी घ्यायचे. दिशा खुर्चीशेजारी, खाली अंथरुणावर. एका डोळ्यानं पडदा बघायचा, एका डोळ्यानं तिला. नऊ महिन्यांची होती. झोपेतसुद्धा ओठ हलवून दूध प्यायची.

कॉम्प्युटर सावेडीतल्या एका क्लासकडून जुना घेतला होता. त्यात आधीपासूनच एक अँटीव्हायरस होता. जेवणवेळेनंतर तो आपणहून सुरू व्हायचा, सगळ्या फायली चाळायचा आणि शेवटी लाल पट्टी दाखवायचा: एक सापडला, अडवला. फाईलच्या नावाची जागा कोरी. रोज एक. रोज तसाच.

प्रवीण म्हणजे आमच्या गल्लीतला, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याला विचारलं तर हसला.

"वहिनी, म्हातारं कुत्रं आहे ते. वाऱ्यावर भुंकतं."

मला त्यातली एक गोष्ट तेव्हा गोड वाटायची. तपासणी सुरू झाली की दिशा जागी व्हायची. रडायची नाही. दाराकडं एकटक बघायची. लाल पट्टी आली की मोठ्ठा श्वास सोडायची आणि परत झोपायची. मशीनच्या घरघरीनं उठत असेल, असं मी धरून चालले होते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो अँटीव्हायरस काढणारी कंपनी बंद पडली. दर महिन्याची नवी फ्लॉपी यायची थांबली. त्यातच एका वकिलांच्या फ्लॉपीतून खराखुरा व्हायरस आला आणि एका प्रतिज्ञापत्रात साक्षीदाराच्या नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले. प्रवीण नवा अँटीव्हायरस घेऊन आला.

"दोन्ही राहू देत की," मी म्हटलं.

"एका मशीनवर दोन नांदत नाहीत, वहिनी. सवतीच त्या."

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "तुला रं काय म्हाईत सवतीचं? आदी एक तरी करून आन."

प्रवीण लाजला. जुना काढताना पडद्यानं दोनदा विचारलं, नक्की काढायचा का. त्यानं दोन्हीदा हो म्हटलं. मी शेजारीच उभी होते. नव्यानं सगळं चाळलं आणि लिहिलं: काहीही सापडलं नाही.

"आणि तो रोजचा एक?"

"नव्हताच कधी. आता तुमचं घर साफ."

दुसऱ्या दिवशी दिशा त्याच वेळेला उठली. दाराकडं बघत राहिली. नव्याचं चाळून कधीच झालं होतं. ती बघतच राहिली. तो श्वास काही सुटला नाही. मी कडेवर घेतलं तरी मान वळवून वळवून तिकडंच.

त्यानंतरच्या दुपारी ती दाराकडं बघत नव्हती. उंबऱ्याच्या आत, कपाटाजवळ बघत होती.

मग कपाट आणि माझी खुर्ची यांच्यामध्ये.

मी दाराचा पडदा काढून ठेवला. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला. भिंती निरखल्या. "पाल असंल," आत्या म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. पाल नव्हती. दिशाला बाहेरच्या खोलीत नेऊन निजवलं, तर तिथंही तिची नजर तेवढ्याच अंतरावर खिळली. म्हणजे ते खोलीत नव्हतं. ते तिच्यापासून मोजलेलं होतं.

आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, बाळाला तीट लावत नाहीत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आत्यांच्या सासऱ्यांनी हे सगळं घराबाहेर काढलं, आणि आत्यांनी ते परत आत येऊ दिलं नाही. आजारी पोराला अंगाऱ्याऐवजी दवाखाना दाखवा म्हणून त्या मिरजगावात बायकांशी भांडलेल्या. त्याच आत्या त्या दुपारी सुई टोचून ठेवून आत आल्या आणि बराच वेळ दिशाकडं बघत राहिल्या.

"माजा न्हाई इस्वास असल्यावर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन पोरगी कुनाला तरी बगतीय, प्रज्ञा. तुजं ते जुनं परत बशीव."

मी कपाटातून जुनी फ्लॉपी काढली, मशीनमध्ये घातली. नवा अँटीव्हायरस किंचाळला. व्हायरस सापडला, नष्ट केला. फ्लॉपी रिकामी.

"असंच होतं," बोलावल्यावर आलेला प्रवीण म्हणाला. "चोर ओळखायला जुन्याच्या पोटात चोरांचे फोटो असतात. नव्याला ते फोटोच चोर वाटतात." माझा चेहरा बघून तो उठला. दुसरी फ्लॉपी शोधायला सावेडीला गेला.

संध्याकाळी आला तो दारातच थांबला.

"फ्लॉपी कुणीच ठेवलेली नाही, वहिनी. पण त्या क्लासमध्ये सगळ्याच मशीनवर तो होता. तुमचं हे मशीनसुद्धा तिथंच चालायचं." तो चपलेकडं बघत होता. "त्यांना कधीच काही सापडलं नाही म्हणाले. एकदासुद्धा नाही."

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडं मशीन आलं तेव्हा दिशा पोटात होती, आणि तेव्हा पट्टी कधी लाल झाली नव्हती. पहिली लाल पट्टी मी ओल्या बाळंतपणात पाहिली. दिशाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी तिची नजर अंथरुणाच्या काठावर होती.

मी मशीन बंद केलं. वायर काढली. तिच्या आणि त्या काठाच्या मध्ये आडवी झाले, तिला पदराखाली घेतलं.

"माझी आहे," मी म्हटलं. कुणाला ते मला माहीत नाही.

दिशानं दूध सोडलं. माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. मग नजर हळूहळू माझ्यावरून सरकत तिच्या स्वतःच्या पाठीमागं गेली.

तिनं तो श्वास सोडला.

आणि हसली.

रात्रीच्या जागरणांनी माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. बाहेर आत्यांच्या बांगड्या वाजत होत्या. दिशा गाढ झोपली होती, माझ्याकडं पाठ करून.

तिचा एक हात पुढं टाकलेला होता. अंथरुणावर नाही, त्याच्या वीतभर वर. खाली काहीच नव्हतं.

मी माझा श्वास रोखून धरला. तो हात सावकाश वर जात होता, सावकाश खाली येत होता, कुणाच्या तरी श्वासाबरोबर.