होडीवाल्याचा आवाज

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय.

ही माझ्या मावसबहिणीची गोष्ट. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो.

एक आधीच सांगतो. यात पडकं घर नाही, वटवाघळं नाहीत, काळोखसुद्धा नाही. रविवारची भर दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली मोटारींचं गॅरेज, समोर शाळेचं रिकामं मैदान. ऊन सरळ टेबलावर पडलं होतं.

रात्र असती तर बरं झालं असतं. झोपेत भास झाला, असं तरी म्हणता आलं असतं.

ताई कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात आणि ही त्यावरून प्लास्टर, मेण लावून दात बसवते. पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना. सगळीकडे पांढरी भुकटी. कपाटावर ओळीने जबडे. पहिल्यांदा आलेला माणूस दचकतोच. "घाबरू नका, चावत नाहीत," हा तिचा ठरलेला विनोद.

आतली खोली तिच्या धाकट्या भावाची. बारक्याची.

बारक्या कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. दोन मित्रांनी घरात बसून केलेले, फारसे कोणी न ऐकलेले. त्याचा शेवटचा गेम होता 'तळातले दिवे'. एक गाव तळ्यात बुडालंय आणि एक मुलगी होडीतून फिरत बुडालेल्या घरांत दिवे लावतेय. मारामारी नाही, बंदुका नाहीत. कोडी सोडवायची, माणसांशी बोलायचं. कथा बारक्याची, चित्रं बारक्याची, आवाज बारक्याचे. मुलीची होडी वल्हवणाऱ्या होडीवाल्याला तर त्याने स्वतःचाच आवाज दिला होता. प्रोग्रामिंग तेवढं त्याच्या भागीदाराचं.

गेम पूर्ण होत आला आणि बारक्या गेला. छातीत दुखत होतं, ते त्याने कोणाला सांगितलंच नाही. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या, त्याही लपवल्या. गेम संपला की करू, म्हणत राहिला.

लोक रडले. ताई रडली नाही. ती संतापली.

"एका शब्दाने सांगितलं नाही मला! एका शब्दाने!" घर भरलेलं असताना ती भिंतीकडे बघून ओरडली होती. मी तिथेच होतो.

त्या रागावर तेल ओतलं ते भागीदाराने.

काही महिन्यांनी त्याने गेम बाजारात आणला. शेवटी नावं येतात ना, तिथे कथा, चित्रं, आवाज, सगळ्यापुढे एकच नाव. त्याचं स्वतःचं.

ताईने फोन केला तर म्हणाला, "ताई, तुम्ही समजून घ्या. मेलेल्या माणसाचं नाव बघून लोकांचा मूड जातो. उदास वाटतं."

"आणि होडीवाला? त्याचा आवाज?"

"बदलला. बाहेरच्या कलाकाराकडून करून घेतला. जुन्या फाइली पुसून टाकल्या."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. आणि या माणसाने ते भांडी विसळावीत तसं धुऊन टाकलं होतं.

तिने गेम विकत घेतला नाही. "त्याच्या खिशात माझा छदामही जाणार नाही," म्हणाली. पण ज्या साइटवर तो विकला जायचा, तिथे खेळणाऱ्यांची मतं यायची. ती फुकट वाचता यायची. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हाताला काम नसतं, तेवढ्यात ती मोबाइल उघडून बसायची. लोकांनी त्या गेमला शिव्या घालाव्यात म्हणून वाट बघायची.

मतं जगभरातून यायची. बटण दाबलं की आपल्या भाषेत दिसायची. एक जण म्हणायचा, चित्रं सुंदर पण मुलगी फार हळू चालते. दुसरा तीन दिवस गिरणीच्या कोड्यात अडकून वैतागलेला. कोणीतरी लिहिलं होतं, 'हा गेम कोणाला माहीत नाही ही लाजेची गोष्ट आहे.' ते वाचून ताईला आधी बरं वाटलं, मग दुप्पट राग आला. कौतुक कोणाच्या पदरात पडतंय ते दिसत होतं ना!

मग एक मत आलं...

'होडीवाल्याचा आवाज मधेच बदलतो. आधी जाड असतो, विहिरीजवळ एकदम पोरगेला होतो. मुद्दाम केलंय का?'

ताईने ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. 'विहिरीपाशी नुसतं थांबून राहा. काही करू नका. कोणीतरी खोकतं. अंगावर काटा आला, पण मस्त!'

मग तिसरं...

'होडीवाला विहिरीपाशी एक शब्द बोलतो. टायडे. त्याचा अर्थ काय? राक्षसाचं नाव आहे का?'

खाली लोकांची चर्चा लागली होती. एकाला 'थाय्दी' ऐकू आलं होतं, दुसऱ्याला 'तायडे'. तो शब्द कुठल्याच भाषेत बदलून दिसत नव्हता. कोणी म्हणे ही जुन्या मंत्राची भाषा आहे.

ताईच्या हातातलं मेण तसंच गार झालं.

ताईडे.

बारक्या तिला ताई कधीच म्हणाला नाही. पहिल्यापासून ताईडे.

तिला भीती वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. तिने ताबडतोब भागीदाराला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं.

"पुसला म्हणालास ना आवाज? खोटारड्या! ठेवलायस तू! घरातली हाक विकतोयस बाजारात!"

"ताई, आई-शप्पथ, एकही फाइल नाही. आणि... बरं झालं तुम्हीच फोन केलात." त्याचाही आवाज चढला. "ही मतं तुम्हीच लिहिताय, कळतंय मला. वेगवेगळ्या नावांनी. माझा गेम बदनाम करायला."

"तुझा गेम?"

"हो, माझा!"

"मत लिहायला आधी गेम विकत घ्यावा लागतो. माझ्या नावावर आहे का बघ. आणि हिंमत असेल तर घरी ये. माझ्यासमोर चालवून दाखव."

तो आला. त्याच रविवारी, जेवणं झाल्यावर. हातात लॅपटॉप, चेहरा आंबट.

बारक्याच्या खोलीत चांगले स्पीकर होते, म्हणून तिथेच बसले. ताईने गेम पहिल्यांदाच पाहिला. निळं पाणी, पाण्यात अर्धी बुडालेली घरं. प्रत्येक खिडकी बारक्याने हाताने काढलेली. तिने दात आवळून धरले.

भागीदाराने होडी सरळ विहिरीपाशी नेली.

"कुठं जायचं, मुली?" होडीवाला बोलला. जाड, कमावलेला, परका आवाज.

"झालं समाधान?" भागीदार म्हणाला.

"थांब. लोकांनी लिहिलंय, थांबावं लागतं."

दोघं थांबले.

खाली गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. मैदानात कावळे ओरडत होते.

पडद्यावर पाणी हलत होतं...

काही नाही.

आणखी थांबले.

काहीच नाही. खोकला नाही, हाक नाही.

आणि मग ताईचा बांध फुटला. पण ती भागीदारावर नाही चिडली. ती त्या पडद्यावर ओरडली.

"बोल ना! जगातल्या सतरा लोकांशी बोलतोस! ओळख ना पाळख, त्यांना हाका मारतोस! आणि मी इथे बसलेय समोर तर तोंड शिवलंय का? तेव्हाही हेच केलंस! सगळ्या जगाला सगळं सांगितलंस, मलाच तेवढं नाही!"

भागीदार चुळबुळला. "ताई, पाणी देऊ का?"

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं...

पत्रा ठोकायचा आवाज थांबला होता.

कावळेही गप्प होते.

पंखा फिरत होता, पण त्याची रोजची कुरकुर येत नव्हती. जणू त्या खोलीतला आवाजच कोणीतरी काढून घेतला होता.

भागीदार लॅपटॉपकडे बघत होता. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज मोजणारी हिरवी पट्टी होती. आवाज झाला की ती वर चढते, नसला की खाली बसते.

खोली चिडीचूप होती... आणि पट्टी हलत होती.

थोडी वर. थोडी खाली. माणूस बोलताना हलते तशी.

"स्पीकर बिघडला असेल," तो पुटपुटला. बॅगेतून हेडफोन काढून त्याने लॅपटॉपला जोडला आणि कानाला लावला.

ताई त्याचा चेहरा बघत होती. ती मला पुढे म्हणाली, "कवळी काढल्यावर माणसाचा चेहरा कसा आत बसतो, तसा बसला रे त्याचा चेहरा."

तो नुसता ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो."

ताईने विचारलं, "कोणाला हो म्हणतोयस?"

"हो रे... हो..."

तिने हेडफोन त्याच्या डोक्यावरून ओढला आणि स्वतःच्या कानाला लावला.

शांतता.

फक्त पाण्याचा आवाज, आणि मग, "कुठं जायचं, मुली?" तोच परका, जाड आवाज.

भागीदाराने लॅपटॉप धाडकन मिटला. तो बूट घालायला वाकला.

"काय म्हणाला तो? शिव्या दिल्या का?" ताई दारात उभी राहिली. "सांगितल्याशिवाय जायचं नाही."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई." तो वर बघेना. "तो विचारत होता... रोज काम संपलं की विचारायचा, तेच. सेव्ह केलंस का रे? सगळं सेव्ह केलंस ना?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"हो म्हणालो."

ताईने त्याच्या एक सणसणीत कानाखाली लावली. तो चिडलाही नाही. तसाच जिना उतरून गेला.

खाली पत्रा ठोकायला पुन्हा सुरुवात झाली होती.

त्या आठवड्यातच गेममध्ये बारक्याचं नाव आलं. कथा, चित्रं, मूळ कल्पना, सगळ्यापुढे. भागीदाराने स्वतःचं नाव फक्त प्रोग्रामिंगपुढे ठेवलं. त्याने ताईला फोन केला नाही, तिनेही केला नाही. आता तो गेम बनवत नाही, एवढं ऐकलंय.

गोष्ट इथे संपायला हवी होती. नाव लागलं, न्याय झाला, आत्म्याला शांती वगैरे.

पण मतं येतच राहिली. आणि दिवसेंदिवस हाकेचे शब्द वाढत गेले.

लोकांना भाषा कळत नव्हती. जे ऐकू यायचं ते ते वेडंवाकडं लिहायचे. कोणीतरी कुठल्या तरी दूर देशातून लिहिलं होतं, 'आज तो लांब वाक्य बोलला. टायडे, अझून राग्वलीस का. कृपया कोणीतरी अर्थ सांगा. मला का कोण जाणे, रडू आलं.'

ताईडे, अजून रागावलीस का.

ते वाचलं तेव्हा मी तिच्याकडेच होतो. मी म्हटलं, "ताई, हे बंद कर. ते पान बघूच नकोस."

तिचं पित्त खवळलं होतं. "विचारतोय बघ! कोणातरी परक्या माणसाच्या तोंडून विचारतोय! लाज नाही!"

"ताई, जाऊ दे ना."

"का जाऊ दे?"

तिने माझ्यादेखत तो गेम विकत घेतला. खेळायला नव्हे, मत लिहायला. प्लास्टरने माखलेल्या अंगठ्याने तिने मोबाइलवर टाइप केलं. मी वाकून वाचलं, आणि तिचा हात धरायला गेलो तोवर ते गेलंही होतं.

'हो. अजून रागावलेय. निरोप पाठवू नकोस. घरी येऊन विचार.'

...

त्यानंतर मतं बदलली.

'नवीन अपडेट छान आहे, होडीवाल्याच्या आवाजातला दोष गेला.' 'विहिरीपाशी आता खोकला येत नाही. मला आवडायचा तो, का काढला?' 'टायडे कुठे गेलं?'

पण अपडेट आलंच नव्हतं. मी भागीदाराला शोधून विचारलं. तो म्हणाला, नाव बदलल्यापासून त्याने त्या गेमला हातही लावलेला नाही.

म्हणजे तो तिथून गेला.

कुठे गेला, ते मी विचारलेलं नाही.

परवा ताईला फोन केला होता, सहज, ख्यालीखुशाली. दुपारचीच वेळ. आवाज छान होता तिचा. डॉक्टर कसे घाई करतात, नवीन मेण कसं चिकटतं, असं बोलत होती. मग मधेच थांबली. फोन तोंडापासून लांब नेला, तरी मला स्वच्छ ऐकू आलं.

ती कोणावर तरी खेकसत होती.

"ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस, किती वेळा सांगायचं? उचल तो! आणि आज डॉक्टरकडे जायचंय, विसरू नकोस."

पलीकडून काही उत्तर आलं का? मला ऐकू आलं नाही. पण ती थांबली होती. कोणीतरी बोलत असताना आपण थांबतो, तेवढीच...

मग फोन पुन्हा तोंडाजवळ आला.

"हं, बोल. तू कधी येतोयस घरी?"

मी म्हटलं, बघतो.

अजून गेलेलो नाही.