लिस्टिंगशिवाय चिप नाही

"ही फाइल माझं यंत्र घेणार नाही," यंत्रांच्या चिपमध्ये प्रोग्राम भरून देणारा काउंटरमागचा चिपवाला म्हणाला आणि पेन ड्राइव्ह त्याने अलगद तिच्याकडे सरकवला.

ती मोज्यांच्या कारखान्यातली. बाबा गेल्यावर कारखाना काकांकडे आला आणि बाबांचं लाडकं विणयंत्र काकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. त्याची चिप जळालेली. शनिवारपर्यंत सुरू झालं तर ठीक, नाहीतर भंगारात. चिपमधला प्रोग्राम बाबांनी स्वतः लिहिलेला. तो तिच्याजवळ होता. हट्टही बाबांचाच.

"का नाही घेणार? लिहिलेल्या ओळींचे यंत्राला कळणारे आकडे करतो ना, त्या असेंबलरने एकही चूक दाखवली नाही!"

"चूक नाहीच. ही ऑब्जेक्ट फाइल आहे… म्हणजे कापड बेतलंय, शिवण बाकी. कुठला तुकडा कुठल्या पत्त्यावर बसणार, ते अजून ठरायचंय. मला तयार हेक्स फाइल लागते, पत्त्यांसकट सगळे आकडे असलेली. कमांडमध्ये डॅश एफ लिहून हेक्स मागा."

"आणि नाही मागितली तर?"

"तर असेंबलर आपल्या मनाने काहीतरी देतो. न बोलता सगळ्यांनाच कळतं असं नाही—" तो हसला. तिने नजर फिरवली, पण थोडी उशिराच. "आणि डॅश एल देऊन लिस्टिंग काढा. प्रत्येक ओळ, शेजारी तिचे आकडे. कागदावर. ती वाचल्याशिवाय मी चिप भरत नाही."

"फारच नखरे तुमचे, चिपवाले!"

"गिऱ्हाइकं परत येतात, मोजेवाली."

ती परत आलीच, लिस्टिंगच्या कागदांचा गठ्ठा घेऊन. त्याने पेन्सिल घेऊन पानन् पान वाचलं. नव्या चिपसाठी सुरुवातीचा पत्ता तेवढा बदलायला हवा होता.

तिथेच घात झाला. घरी घाईघाईत तिने डॅश ओ, म्हणजे 'तयार फाइल या नावाने लिही', असं टाइप केलं आणि त्यापुढे नव्या फाइलऐवजी बाबांच्याच फाइलचं नाव दिलं. जुना असेंबलर, सांगितलेलं निमूट ऐकणारा. लिहायला जागा हवी म्हणून त्याने आधी फाइल पुसली… अकराशे ओळी एका क्षणात गेल्या. दुसरी प्रत नव्हती.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आत ती दारात उभी. डोळे लाल, हनुवटी ताठ.

"बाबांचं सगळं पुसलं मी. तुमच्याकडचे कागद द्या. मी पुन्हा लिहिणार."

तो हसला नाही. ड्रॉवरमधून गठ्ठा काढला, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि दारावर 'बंद'ची पाटी उलटवली.

तो वाचत गेला, ती टाइप करत गेली. आकडे सोडायचे, ओळी घ्यायच्या. मधूनमधून बाबांच्या टिपा यायच्या.

"सेमीकोलन… इथे जरा दम घे, सुई तापते."

तिची बोटं थबकली. त्यानेही पान उलटलं नाही.

"वाचा," ती म्हणाली. "थांबायला वेळ नाही."

दुपारपर्यंत चहाचे चार कप झाले. आठशेव्या ओळीला त्याचा आवाज जरा दबला. "सेमीकोलन… समोर बसलेल्या मुलीला… जन्मभर असंच वाचून दाखवायला… मला आवडेल."

अर्धं टाइप करून ती थांबली. "हे बाबांचं नाही."

"नाही." त्याचे कान लालबुंद झाले होते. "असेंबलर सेमीकोलनच्या पुढचं बघतच नाही, म्हणून म्हटलं—"

"मी बघते ना!" ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "आधी मशीन. मग उत्तर. पुढची ओळ?"

शनिवारी सकाळी दारात भंगारवाल्याचा टेम्पो, यंत्रापाशी काका, हाताची घडी घालून. चिपवाल्याने नव्याने भरलेली चिप बसवली. तिने बटण दाबलं. काहीच नाही… मग सुया शहारल्या, दोरा सळसळला आणि गोल गोल फिरत मोजा खाली उतरू लागला. पाऊल आलं, टाच वळली.

काकांनी तो ताणून पाहिला, उजेडात धरला. एकही टाका सुटला नव्हता. त्यांनी हाताच्या इशाऱ्यानेच भंगारवाल्याला वाटेला लावलं. मग भुवया उंचावल्या.

"चिप बसली ना? मग हे साहेब अजून इथे काय करतायत?"

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं, सरळ.

"राहणार आहेत ते, काका. कायमचे."

चिपवाल्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खणकन खाली पडला.