चौथं भोक

दोन आलेख टेबलावर शेजारी ठेवले होते. रेषा तीच, अक्ष तेच. साऱ्या वर्गाने अक्ष कागदाच्या मधोमध काढले होते. या दोघींचेच तेवढे डाव्या कोपऱ्यात.

“नक्कल,” गणिताचे धर्मेंद्र सर म्हणाले. “तेजस्विनीने टीनाचं पाहून काढलं.”

टीना त्यांची भाची. मुख्याध्यापिका शोभाताईंसमोर तेजस्विनीला शाळेतून काढण्याचं पत्र होतं. फक्त सही बाकी होती.

तेजस्विनीचे आजोबा केशवराव तिच्या शेजारी उभेच होते. कारध्याच्या पुलावरून सायकल मारत आले होते. चाळीस वर्षं मागावर करवतकाठी लुगडी विणलेला माणूस.

“आजोबा, हे बीजगणित आहे,” सर हसले. “मागावरचं काम नाही.”

“मालूम आहे जी. उदाहरण काय होतं?”

“2x + y = 7. तीन बिंदू काढायचे, जोडायचे.”

“तीनच?”

“तीनच. बोटांवर मोजून दाखवू का?”

केशवरावांनी त्यांच्याकडे सडक्या सुताकडे पाहावं तसं पाहिलं. मग नातीच्या आलेखावर बोट ठेवलं.

“तेजू, इथं काय पुसलं?”

“x दोन घेतला तं y चार लिहिला, आबाजी. ठिपका देल्ला, पण रेषेत बसेना. मंग समजलं, तीन पाहिजे. आकडा खोडला, ठिपका पुसला.”

“अन् टीनाचं, ताई?”

शोभाताईंनी टीनाची उत्तरपत्रिका उघडली. “खाडाखोड नाही. एक-पाच, दोन-तीन, तीन-एक.”

“हुशार पोरगी,” सर म्हणाले.

“पेपर झाल्यावर कागद कोणाजवळ होते?”

“माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे. दुसऱ्याला हात लावू देत नाही मी.” सरांची छाती फुगली.

केशवरावांनी टीनाचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग तेजस्विनीचा. मग दोन्ही एकावर एक.

“या इकडे, ताई. भोकं मोजा.”

“चार.”

“दोन्ही कागदांत, एकाच जागी. आम्ही काठाची नक्षी अशीच उतरवतो. खाली कोरा कागद, वरून सुई टोचाची. परीक्षेत पोरी कागदावर कागद ठेवतील काय? हे कपाटातून काढून केलं.”

“पण कोणाचं कोणी उतरवलं?” शोभाताईंनी विचारलं.

“चौथं भोक पाहा. दोन-चारवर, रेषेच्या बाहेर. टीनानं तो आकडा लिहिलाच नाही. तिथं भोक कायले? ती चूक तेजूची. पुसलेला ठिपका या मास्तरले खराच वाटला. भाचीचा आलेख चुकला असन, यानं नवीन कागदावर उतरवला. दोन्ही सारखे दिसले, तं चोर माह्या नातीले केलं.”

“खोटं आहे!” सर ओरडले. “कंपास कोणाकडेही...”

“मी कंपासचं नाव घेतलं काय? मी सुई म्हटली.”

सरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

“तीन ठिपके पाहिजेत हे शिकवता,” केशवराव म्हणाले, “अन् चौथा रेषेत नाही हे दिसलं नाही. चोरी बी धड जमली नाही तुम्हाले.”

शोभाताईंनी पत्र फाडलं आणि सरांपुढे कोरा कागद सरकवला. “लिहा. काय केलं ते, सही करून.”

मग त्यांनी विचारलं, “केशवराव, अक्ष कोपऱ्यात का काढले हिनं?”

“तिच्या आजीची सवय. काठ कोपऱ्यापासून सुरू करे ते. सुई तिचीच चाले, मी नुस्ता कागद धरत होतो.” त्यांनी टोपी घातली. “गेली दिवाळीत. चाल, तेजू.”