साक्षी-हवा

जमिनीखाली वसलेल्या भूनगराच्या वाहनशाळेत चार नंबरची रुग्णवाहिका पुन्हा उचलणीवर चढली होती. तिचा तिसरा प्राणवायू-संवेदक निकामी ठरला होता.

"धुराडं गळत नाही, तार तुटली नाही, सांध्याला नवं लुकण लावलेलं नाही," वाहन-अभियंता शिरगुप्पे हात पुसत म्हणाले. "बाकीच्या गाड्या मजेत पळतायत. हीच तेवढी नवसाची!"

उत्तरा खांबेटे हसल्या. त्या हवा-रसायनतज्ज्ञ होत्या, आणि नगरातले सगळे वायुमापक त्यांच्या देखरेखीखाली होते. "हिच्यात वेगळं काय केलंत तुम्ही?"

"तसं थोडंच. बाई, हा संवेदक स्वतः काही मोजत नाही, नुसती तुलना करतो. एक गाल धुरात, दुसरा स्वच्छ हवेत. दोन्हींतल्या प्राणवायूत फरक जेवढा मोठा, तेवढा विजेचा दाब जास्त. बाकीच्या गाड्यांत ती स्वच्छ हवा एका छिद्रातून आत येते. ते छिद्र आपल्या दगडी भुकटीने बुजायचं. म्हणून हिला मी सीलबंद कुपी बसवली. नगराचं दार बंद झालं तेव्हा वरून भरून आणलेल्या हवेची. साक्षी-हवा म्हणा."

उत्तराबाई थबकल्या. "इंजिन बंद ठेवा. संवेदक काढा, तापवा, आणि नुसता इथल्या हवेत धरा."

"मग काय, शून्य दिसेल. दोन्हीकडे हवाच की."

काटा शून्यावर आला नाही. शिरगुप्प्यांनी मापक ठोकून पाहिला, त्याच कुपीला दुसरा संवेदक जोडून पाहिला. काटा तिथेच राहिला. उत्तराबाईंनी गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं.

"इथे प्राणवायू शेकडा पंधरा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकवीस हवा."

"काहीतरीच काय! तुमचे हजार मापक भिंतीभिंतीवर एकवीस दाखवतायत."

"दाखवणारच. रोज सकाळी आंघोळ उरकून मी नेमाने ते जुळवते. नियम असा आहे, की सभोवतालची हवा एकवीस धरायची आणि काटा तिथे आणायचा. हवेतला प्राणवायू उतरत गेला, आणि मी काटे रोज पुन्हा एकवीसवर चढवत गेले. आपला काळा दगड गंजतो, शिरगुप्पे. नव्या बोगद्यांच्या भिंती तांबूस होतात ना, तो आपला प्राणवायू. शैवाल-टाक्यांनी तो भरून काढला असता, पण मापकांनी त्यांना कधी सांगितलंच नाही."

शिरगुप्पे खाली बसले. त्यांची बायको पद्मजा चार महिने अंथरुणाला खिळली होती. दगडी भुकटीने फुप्फुसं गेली, असं डॉक्टर म्हणत होते. "मग पद्मजाला... नुसतं वर नेलं तरी?"

"वरच्या हवेला आपले मापक एकोणतीस म्हणतात." उत्तराबाई म्हणाल्या. "इतक्या प्राणवायूत ओलं कापडही भडकेल, म्हणून दार उघडत नाहीत. दरवर्षी आकडा चढतो आणि दरवर्षी आपण घाबरतो. पण पंधराला एकवीस म्हणणारा मापक एकवीसला किती म्हणेल?"

शिरगुप्प्यांनी त्रैराशिक मांडलं. उत्तर एकोणतीस आलं.

वरची हवा कधी बिघडलीच नव्हती.

दार काँक्रीटने कायमचं बुजवायचं की नाही, याचा निर्णय त्याच दुपारच्या नगरसभेत व्हायचा होता. उत्तराबाईंनी दाराच्या नमुना-नळीतून काचेची बरणी वरच्या हवेने भरून घेतली, आणि प्रयोगशाळेच्या कुलपातली काड्यापेटी बरोबर घेतली. नगरात उघडी ज्योत पेटवायला बंदी होती. देवापुढेही विजेचे दिवे लागत. तिशीतल्या अध्यक्ष सबनिसांनी तर आग फक्त चित्रात पाहिली होती.

सभेत शिरगुप्प्यांना शेजारी उभं करून उत्तराबाईंनी सगळं समजावून सांगितलं.

"खांबेटेबाई, हजार मापक खोटे आणि एक मोडकी गाडी खरी?" सबनीस म्हणाले.

"हजारांना मी एकीनेच पढवलंय, अध्यक्ष. आकडे सोडा, डोळ्यांनी बघा."

त्यांनी सभागृहातच काडी ओढली. गुल फर्रकन पेटलं, काडीपर्यंत आलं आणि विझलं. दुसरी काडी त्यांनी पेटताक्षणी चिमट्याने बरणीत सोडली. पिवळी, उभी ज्योत लागली. ती काडीवरून खाली उतरत गेली आणि शेवटपर्यंत जळली.

पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. लोक खुर्च्या मागे सारू लागले.

"आजवर आपण नुसते आकडे ऐकत होतो," सबनीस उठून म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आज बाईंनी प्रत्यक्ष दाखवलं. आपल्या हवेत आग जगत नाही. वरच्या हवेत ती थांबत नाही."

"अहो, उलटं आहे! ज्या हवेत ज्योत जगते तिथेच माणूस—" उत्तराबाई सांगू लागल्या.

"शिरगुप्पे, ह्या असल्या भट्टीत बायकोला नेणार होतात तुम्ही?" सबनिसांनी मध्येच विचारलं.

"मला एकट्याला नेऊ द्या तिला," शिरगुप्पे म्हणाले. "आम्ही जळलो तर जळलो."

"दार उघडलं तर ती हवा आत येईल. परवानगी नाही. काँक्रीट आजच ओतायला घ्या." मग सबनीस उत्तराबाईंकडे वळले आणि त्यांनी मनापासून हात जोडले. "बाई, तुम्ही नगर वाचवलंत."

सभागृह उठून उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फार वेळ नाही. एकेक जण धापा टाकत खाली बसत गेला.