स्पीकरची रिकामी जागा

एप्रिलातल्या एका रविवारी, दुपारचं जेवण उरकून, आत्माराम सिल्व्हर पार्कातल्या घरून पेणकरपाड्याला निघाला. पिशवीत सोल्डरिंग आयर्न, दोन बारीक स्क्रूड्रायव्हर आणि भिंग. काम तसं साधं होतं. कोंडिरामदादांच्या बायकोने, वैजयंतावहिनींनी निरोप धाडला होता : ह्यांनी बनवलेलं छोटं डिझेल इंजिन घरात आहे, त्याचा आवाज तेवढा बंद करून द्या.

दादा जाऊन पाच महिने झाले होते. आत्माराम अंत्ययात्रेलासुद्धा गेला नव्हता. ऑफिसातून रजा मिळत नाही, असं त्याने बायकोला, शुभदाला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याने रजा मागितलीच नव्हती.

दादा रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे रिटायर ड्रायव्हर आणि आत्मारामला इंजिनांची मॉडेलं करायचा नाद. त्याच्या हाताला सफाई होती, पण डोळा दादांचा. "पायरीची कड चकाकती ठेवा, भाऊ, बुटांनी रंग उडतो तिथला." "टाकीच्या तोंडाशी डिझेलचा ओघळ हवा." जाळीला चहाची गाळणी, कठड्याला तांब्याची तार, हे सगळं दादांनी सुचवलेलं. आवाजही त्यांनीच आणला. रिटायर व्हायच्या आधी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ते इंजिनात बसले होते. कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचं वाक्य होतं, "मी कोंडिराम. इंजिन चालू करतोय. आत्मारामभाऊ, नीट ऐका."

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेल्या आवाजाच्या चिपमध्ये वीसच सेकंद बसत होते. आत्मारामने ते वाक्य कापलं. नंतर कॅसेटवर भलतंच काहीतरी टेप केलं.

मॉडेलांच्या प्रदर्शनात आत्मारामच्या त्या इंजिनाला पहिला कप मिळाला. परीक्षकांनी विचारलं, "एवढे बारकावे कुणी दाखवले? सोबत कोणी होतं?"

"नाही," आत्माराम म्हणाला. "सगळं मी एकट्यानंच."

वळून बघतो तर मागे इस्त्रीचा शर्ट घालून दादा उभे. त्यांनी एवढंच विचारलं, "चहा घेणार का, भाऊ?"

पुढे दादांनी तसंच एक इंजिन स्वतः केलं. जाड बोटांनी, वर्षभर खपून. "आवाज तेवढा तुमच्या हातानं बसवा," म्हणाले. आत्मारामने रविवारी येतो म्हणून सांगितलं. पण दादांच्या समोर बसायचं म्हटलं की त्याला तोंड लपवावंसं वाटायचं. असे कित्येक रविवार गेले.

मग या इंजिनात आवाज बसवला कुणी? दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं असेल, अशी त्याने रस्ताभर स्वतःची समजूत घातली.

वहिनींनी पाणी दिलं. बुद्धाच्या तसबिरीखाली पत्र्याची पेटी होती, तिच्यावर हातभर रुळाच्या तुकड्यावर इंजिन उभं होतं. आत्मारामने खालचे चार स्क्रू काढले, वरचं कवच अलगद उचललं आणि आत पाहिलं.

आत काही नव्हतं.

चिप नाही, बॅटरी नाही, एक वायरसुद्धा नाही. तळाला स्पीकरसाठी नीट गोल पाडलेलं भोक, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं : इथे.

"वहिनी... हे वाजतं कधी?"

"साडेतीनला. तुम्ही यायचात ना रविवारचे, त्या टायमाला. आता रोजच वाजतंय." त्या पदर सावरून खाली बसल्या. "शेजारचे म्हणतात, टेप बारीक करा. मी काय सांगू त्यांना?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले होते. आत्मारामला उठावंसं वाटलं, पण कवच हातातच राहिलं. बाहेर कुणीतरी हंडा घासत होतं, तो आवाज थांबला. खोलीत हळूहळू वास पसरला, तापलेल्या डिझेलचा, जुन्या तेलकट कापडाचा.

आधी बोटांना थरथर जाणवली. मग ते रिकामं कवच त्याच्या तळहातावर घरघरू लागलं. खोल, भरदार, दमाने. खऱ्या इंजिनासारखं.

आणि त्या घरघरीखालून...

"मी कोंडिराम. इंजिन चालू करतोय. आत्मारामभाऊ, नीट ऐका..."

हे वाक्य आता जगात कुठेच नव्हतं. त्यानेच ते पुसलं होतं.

"रोज एवढं बोलतात अन् थांबतात," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या.

आज आवाज थांबला नाही. घरघर चढत गेली, पेटीचा पत्रा तडतडू लागला. "भाऊ... ऐकताय ना... सोबत कोणी होतं?"

आत्मारामने कवच तोंडाजवळ घेतलं. "होतं," तो म्हणाला. "दादा, तुम्ही होतात. वहिनी... ते मॉडेल दादांचंच होतं. मी त्यांचं नाव सांगितलं नाही. हे इंजिनही टाळत राहिलो. ते गेले तेव्हाही लाजेनं आलो नाही."

घरघर उतरली, मंद झाली, बंद पडली. कवच कोमट होतं.

वहिनी म्हणाल्या, "मी पण होते त्या हॉलमध्ये, दारापाशी. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत." त्यांनी रिकामा पेला उचलला. "मला सांगून काय उपयोग, भाऊ? जिथं खोटं बोललात तिथं सांगा."

आत्मारामने कवच परत बसवलं आणि चारही स्क्रू आवळले.

सोमवारी त्याने खरोखरच रजा घेतली. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळात गेला, सगळं लिहून दिलं, कप टेबलावर ठेवला. सेक्रेटरीने कागद दोनदा वाचला आणि त्याच्याकडे न बघताच नोंदवहीत कोंडिरामदादांचं नाव लिहिलं. संध्याकाळी आत्मारामने पीसीओवरून वहिनींच्या शेजारी फोन लावला. "आज वाजलं नाही," वहिनी म्हणाल्या. "अगदी शांत आहे घर."

कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. घराचा जिना तो भराभर चढला.

शुभदाने दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही.

"दुपारी तुमचं शोकेसमधलं इंजिन आपोआप वाजायला लागलं. बंदच होईना."

"दादा बोलले का त्यात?"

"नाही. बाई होती." शुभदाचा आवाज अगदी सपाट होता. "राई गावाकडची माणसं बोलतात ना, तसं बोलत होती. 'मी हाय अजून, मी खय गेली न्हाय,' म्हणाली. तीनदा."

आत्माराम बुटाची नाडी सोडायला वाकला होता.

"तुम्ही राईला कधी गेला होतात?" शुभदाने विचारलं.

राईच्या त्या बाईबद्दल त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो तसाच वाकून राहिला.