अर्धी नारिंगी रेघ

हिरवा दिवा लागला, मोहन्नदची निळी गाडी गुरगुरली आणि जागच्या जागी खाडकन आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं, पण गाडी वीतभरही पुढे सरकली नाही.

तगरीद पाठीवर झोपून गाडीखाली शिरली. शर्यतीतल्या गाड्या तपासणं हे तिचं काम. त्याआधी तिने बरीच वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं, म्हणून जॉर्डनमधल्या सल्तच्या डोंगरात गाड्या पळवणारे सगळे तिला अजून ‘मिस’च म्हणत.

इंजिनाचा जोर चाकाकडे नेणारा शाफ्ट एका टोकाने सुटून लोंबत होता. त्याला धरून ठेवणारे बोल्ट एकजात तुटले होते. रस्त्यावर पडलेली त्यांची डोकी तिने गोळा केली. तुटल्या जागी अर्धा भाग काळपट, अर्धा चकचकीत. वरचं ग्रीस पुसलं तर खाली नुसतं लोखंड. मात्र शाफ्टच्या चकतीवर, प्रत्येक भोकाच्या कडेला, नारिंगी रंगाची एक इवलीशी रेघ होती.

ती बाहेर आली तेव्हा मोहन्नदचे वडील समोर उभे होते. निवृत्त कर्नल. गावात त्यांना अबू मोहन्नद म्हणत, आणि शक्यतो त्यांना विरोध करत नसत.

“त्या नर्सेसने नवे बोल्ट खिशात घातले आणि जुनेच परत ठोकले,” मोहन्नदशेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे बोट दाखवत ते म्हणाले. “त्याला शर्यतीतून कायमचं बाद करा. यापुढे एकही गाडी त्याच्या हाताखाली जाता कामा नये.”

गर्दीत शंभर कान होते. दुपारच्या नमाजाआधीच नर्सेसच्या अम्मानमधल्या गॅरेजमधून दोन गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या उचलून नेल्या.

नमाजानंतर नर्सेस स्वतःच कर्नलच्या दारात हजर झाला. सोबत तगरीद होती. हा आर्मेनियन मिस्त्री अंगाने आडवा, बोलायला कमी. त्याच्यापुढे कॉफीचा पेला आला. त्याने तो हातात घेतला, पण ओठांना न लावता जमिनीवर ठेवला. पाहुणा काही मागायला आला असेल, तर मागणं मान्य होईपर्यंत तो कॉफीला तोंड लावत नाही.

“काय हवंय?” कर्नलनी विचारलं.

“मी चोर नाही, हे या घरातल्या कुणीतरी मोठ्याने म्हणावं.”

“ते तर होणार नाही.”

“मग आधी मी थोडं विचारते,” तगरीद म्हणाली. “उस्ताद, नवे बोल्ट कधी बसवले?”

“बुधवारी. आवळले, आणि डोक्यापासून चकतीपर्यंत रेघ ओढली. बायकोच्या नेलपॉलिशची. बोल्ट जरा जरी हलला तर रेघ जुळत नाही, लगेच कळतं. बायको शिव्या घालते ती गोष्ट वेगळी.”

“आणि जुने?”

“पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात दिले. तशीच रीत आहे, मिस. नाहीतर लोक म्हणतात, बदललेच नाहीत.”

“कुणाच्या हातात?”

नर्सेसने मोहन्नदकडे पाहिलं. मोहन्नद भिंतीला टेकून बसला होता. “वाटेत कचऱ्यात टाकले,” तो म्हणाला.

“पिशवीत काय होतं कुणी पाहिलंय?” कर्नल गुरकावले. “भंगार कुठेही मिळतं.”

तगरीद मोहन्नदच्या धाकट्या भावाकडे, सख्रकडे वळली. सख्रची नखं काळी होती. वर्षभर तो ‘एकदा मला चालवू द्या’ म्हणून वडिलांच्या मागे लागला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

“रात्री गाडीपाशी कोण होतं?”

“मी. अंगणात गादी टाकून झोपलो होतो.”

“बोल्ट खोलायचे पाने कुठे असतात?”

“तिथेच, पेटीत.”

“म्हणजे गाडी, पाने आणि तू. तिसरं कुणी नाही.”

सख्र चिडला. “मिस, मला गाडी हवीय, मोडकी गाडी घेऊन काय करू?”

“गाडी सोडून कुठे गेला होतास?”

“सकाळी न्याहारीचं हुम्मुस आणायला. भावानेच पाठवलं. शुक्रवारची रांग तुम्हाला माहीतच आहे, लवकर संपते थोडीच.”

कर्नलची नजर आता धाकट्या मुलावर खिळली. ती नजर काही बरी नव्हती.

तेवढ्यात मोहन्नदच्या आईने, उम्म मोहन्नदनी, मसुराचं सूप आणलं. त्यांना मान वर करवेना. “तुमच्यासारख्यांपुढे हे ठेवायचं म्हणजे लाजच आहे. दर वर्षी मुलगा जिंको की हरो, शर्यतीनंतर सगळ्यांना मन्सफ असतो. यंदा जमीदच भिजवला नाही.”

जमीद म्हणजे सुकवलेल्या दह्याचा दगडासारखा गोळा. तो आदल्या दिवशी पाण्यात टाकला नाही तर मन्सफचा, म्हणजे मेजवानीच्या मटण-भाताचा, रस्सा होत नाही. सल्तमधली बाई हे विसरणं अवघडच.

“विसरलात?” तगरीदने विचारलं.

“मी कशी विसरेन, बाई? काल गोळे काढूनही ठेवले होते. मोहन्नदच म्हणाला, आई, या वेळी राहू दे, तुला त्रास कशाला.”

“याआधी तुमच्या त्रासाची काळजी कधी केली होती त्याने?”

“जन्मात नाही,” त्या हसून म्हणाल्या, आणि मुलाचा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं.

तगरीदने सूप बाजूला ठेवलं.

“गाडीचा शाफ्ट मी पाहिलाय. चकतीवर नारिंगी रेघांचे अर्धे तुकडे आहेत. उरलेले अर्धे बोल्टांच्या डोक्यांवर असायला हवेत. तुटलेल्या डोक्यांवर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे उस्तादने नवे बोल्ट बसवले होते, रेघाही ओढल्या होत्या, आणि नंतर कुणीतरी ते काढून दुसरे बसवले. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. हे बोल्ट आधीच तडकलेले होते. असे बोल्ट बाजारात कुणी विकत नाही. ते त्या पिशवीत होते.”

“सख्र,” कर्नल उठत म्हणाले.

“बसा. सख्रच्या हातात ती पिशवी कधीच आली नाही. ज्याच्या हातात आली, त्यानेच सकाळी सख्रला रांगेत पाठवलं. तरी मला खात्री नव्हती. पिशवी खरंच कचऱ्यात गेली असेल, कुणी उचललीही असेल. पण गाडी आज धावणार नाही, हे काल फक्त एका माणसाला ठाऊक होतं. न धावलेल्या शर्यतीचा मन्सफ त्याच्या घशाखाली उतरला नसता. म्हणून त्याने आईला जमीद भिजवू दिला नाही.”

मोहन्नद उठला, आत गेला आणि हेल्मेटची पिशवी घेऊन आला. त्यातून त्याने फडक्यात बांधलेले बोल्ट काढले आणि पितळी तबकात ठेवले. प्रत्येकाच्या डोक्यावर अर्धी नारिंगी रेघ होती.

“फेकवेनात,” तो म्हणाला. “चांगले होते.”

“का केलंस?” कर्नलचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

“गेल्या वर्षी शर्यतीत एका वळणावर गाडी कड्याबाहेर लटकली होती, बाबा. तेव्हापासून तिथला रस्ता नुसता आठवला तरी हात थरथरतात. सुरुवातीलाच शाफ्ट सुटला तर कुणाला लागत नाही, गाडी हलत नाही. तेवढंच हवं होतं मला.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. ईदच्या दिवशी, याच बैठकीत. तुम्ही हसलात. मग सगळेच हसले.”

कर्नलना आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

“आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?” नर्सेसने विचारलं. “तू माझ्यापासून दोन हातांवर उभा होतास.”

एका भित्र्या माणसाने दुसऱ्याचा संसार पणाला लावला होता, आणि हे मोहन्नदला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो बैठकीच्या मधोमध उभा राहिला. “उस्ताद नर्सेस चोर नाही. चोर मी आहे. संध्याकाळी मी गॅरेजच्या दारात उभा राहून हेच सांगेन, ज्यांनी गाड्या नेल्या त्यांच्या घरी जाऊन सांगेन.”

नर्सेसने पेल्याकडे हात नेला. कॉफी केव्हाच निवली होती.

“थांब,” कर्नल म्हणाले.

त्यांनी गार कॉफी ओतून टाकली. या घरात पाहुण्यांना कॉफी ओतून द्यायचं काम मुलांचं होतं. आज कर्नलनी स्वतः डाव्या हातात सुरई घेतली, उजव्या हाताने पेला भरला आणि मिस्त्रीपुढे वाकून धरला. सुरईचा हात थरथरत होता. मोहन्नदने तो पाहिला.

नर्सेस कॉफी प्यायला.