तलावाच्या बांधावर दोघे भाऊ

दादांनी आयुष्यभर ऑफिसात नकाशे काढले, त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरातले जुने फोटो स्कॅन करायचं काम आपसूकच त्यांच्या गळ्यात पडलं. तेही ते नकाशासारखंच करायचे: काच पुसायची, पट्टी लावून फोटो सरळ ठेवायचा, मग झाकण लावायचं. एकेक पाठवत बसायचा कंटाळा, म्हणून स्कॅन झालेला फोटो थेट नातेवाइकांच्या ग्रुपवर जाईल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. आमचे फोन तुंबवलेस रे, म्हणून बहीण चिडवायची.

आई बहिणीकडे राहायची. महिन्यापूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागल्यावर तिनं एकच मागितलं, धाकट्याचा शेवटचा फोटो. तलावाच्या बांधावर दोघे भाऊ, हातात हात. तो काढून काका कॅमेरा पिशवीत ठेवायला वळले आणि धाकटा पाण्यात गेला. पाय घसरला, असं नऊ वर्षांच्या दादांनी सांगितलं. बावन्न वर्षं ते तेच सांगत आले होते.

रविवारी सकाळी त्यांनी तो फोटो लावला. पडद्यावर धाकट्याच्या गालावर एक बारीक केस आडवा दिसला. काच पुसून त्यांनी पुन्हा स्कॅन केला. केस गेला, पण हात सुटलेले होते.

दादांनी भिंगातून कागद पाहिला. तिथं हात घट्ट धरलेले. पडद्यावर पट्टी लावली. मध्ये चार मिलिमीटर अंतर. मशीन जुनं झालंय, असं त्यांनी मनाला बजावलं. पण हा फोटो ग्रुपवर गेलाही होता. आईनं उघडायच्या आत बरा पाठवावा, म्हणून घाईघाईनं तिसऱ्यांदा स्कॅन केला.

आता मोठ्याचा हात धाकट्याच्या पाठीवर होता. बोटं पसरलेली.

हे काकांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी मशीनची वायर उपसली. ग्रुपवरचे फोटो पुसायला फोन उचलला, तेवढ्यात तो वाजला. आई होती.

"तिन्ही पाहिले रे," ती शांतपणे म्हणाली. "मोठे करून पाहिले."

"आई, ते मशीन..."

"अजून एकदा लाव. पुढचं बघायचंय मला."

वायर त्यांच्या हातातच होती. झाकणाच्या फटीतून उजेड हळूहळू सरकू लागला.